आठ नंबरचा बाटला

...आणि वर म्हणे आवाज करू नका! ऐकलंत? कॉम्प्रेसरला म्हणतात आवाज करू नका! उद्या भट्टीला सांगतील तापू नको, कॅन्टीनच्या भज्यांना सांगतील वास मारू नका! तुम्हाला सांगतो, ज्योतीराम मुऱ्ह्याच्या जागी दुसरा कोणी असता ना, तर त्यानं तिथल्या तिथं पाना फेकला असता आणि राजगुरुनगरची एसटी धरली असती. ज्योतीरामनं फेकला नाही. धरून ठेवला, इतका घट्ट की तळहातावर वळ उठले, मानेची शीर टरारली... आणि तोंडातून काय निघालं? 'व्हय साहेब.' बास! सात वर्षांच्या नोकरीत माणूस बाकी काही शिको न शिको, 'व्हय साहेब' पक्कं शिकतो.

पण थांबा, आधी हा ज्योतीराम काय काम करतो ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं चिडायला झालं काय. पिंपरीला हमरस्त्याला लागून कंपनी. कंपनीत रंगखातं. रंगखात्यामागं जमिनीत थिनरची टाकी, चांगली दोन पुरुष खोल. वर्षातून एकदा ती रिकामी करायची आणि तळाचा गाळ काढायला माणूस आत उतरवायचा. आत थिनरचा वास असा कोंडलेला की दोन श्वासांत माणूस आडवा! म्हणून पाठीला हवेचा बाटला बांधायचा, तोंडाला मास्क लावायचा, कमरेला दोर, आणि मग उतर बाबा, बिस्मिल्ला करून. बिस्मिल्लाच, कारण उतरणारा माणूस म्हणजे कंपनीच्या फायर स्क्वाडातला नवाब शेख. आणि त्याचे बाटले भरणारा ज्योतीराम. आता नवाबच्या घरी कोण? ताजुन्निसाभाभी, चार पोरं, अंथरुणाला खिळलेली आई. म्हणजे सात माणसांचा जीव कशात? त्या एका बाटल्यात! हे ज्योतीरामला कळतं, नवाबला कळतं, भाभीला कळतं. ज्यांना कळायला पाहिजे त्यांना कळत नाही, तीच तर गंमत आहे.

बरं, बाटला भरणं म्हणजे काय सायकलला पंप मारणं आहे? ट्रकच्या टायरात सहा-सात किलोचा दाब असतो. या बाटल्यात दीडशे! आणि हवा एवढी दाबली की तिच्यातनं पाणी सुटतं, ओलं धोतर पिळावं तसं. त्यात श्रावण! हवा आधीच चिंब. ते पाणी कॉम्प्रेसर मशीनच्या पोटात साठत जातं, आणि ते दर दहा मिनिटांनी खालचा कॉक उघडून काढायचं. फुस्सSSS! ताकासारखं पांढरं, तेलकट पाणी बाहेर. कॉक बंद. पुन्हा दहा मिनिटं. नाही काढलं तर? नाही काढलं तर पाणी गाळणीत शिरतं, गाळणीतला कोळसा भिजला की तो तेलाचा धूर अडवत नाही, मग पाणी आणि धूर दोघं जोडीनं बाटल्यात, बाटला आतनं गंजतो, आणि त्या गंजाचा एक कपचा, नखाएवढा कपचा, बाटल्याच्या तोंडाशी येऊन अडकला की खाली टाकीत नवाबची हवा बंद. खलास! म्हणून दर दहा मिनिटांनी. नवव्याला उघडलं तर चालेल, अकराव्याला नाही. ज्योतीरामनं मशीनवर खडूनं लिहूनच ठेवलंय: दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं!

तर या फुस्सला सात वर्षं कोणाचीही हरकत नव्हती. कॉम्प्रेसरच्या शेडच्या भिंतीपलीकडं कण्हेरीची झुडपं होती, आणि कण्हेरीनं कधी अर्ज केला नाही. पण यंदा कंपनीत आले मधुसूदन आठल्ये. पर्सोनेल ऑफिसर! इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला शाईचं पेन, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण अजून चौथीत आहोत. त्यांना केबिन पाहिजे. जागा कुठाय? कण्हेर तोडा! तोडली. आणि शेडच्या भिंतीला पाठ लावून केबिन उभी केली. भिंतीत जुनी खिडकी होती, तिला प्लायवूड ठोकलं. आता मला सांगा, जगात पुष्कळ जागा आहे, चिंचवड स्टेशनापासून दिघीच्या माळापर्यंत मोकळी पडलीये, आणि ह्यांची खुर्ची कुठं? कॉम्प्रेसरच्या कॉकला बरोब्बर पाठ लावून! मधे फक्त प्लायवूड! आणि मग म्हणे आवाज येतो!

झालं असं. गुरुवारी कंपनीला सुट्टी, रंगखातं बंद, म्हणून टाकी गुरुवारी उघडायची. म्हणजे बुधवारी बाटले भरायचे, कंपनीच्या दहातले सहा नग. ज्योतीरामनं सकाळी मशीन चालू केलं, पहिला बाटला जोडला, आठ नंबरचा, दहा मिनिटं झाली, कॉक उघडला, फुस्सSSS! आणि नेमके त्याच वेळी पलीकडं केबिनमध्ये मुंबईच्या हेड ऑफिसचे दोन पाहुणे बसलेले. आठल्येसाहेब खुर्चीत रेलून त्यांना कामगारांची शिस्त समजावून सांगताहेत, आणि खुर्चीच्या खालून, बरोबर खालून हो, फुस्सSSS! पाहुण्यांनी आठल्येसाहेबांकडं पाहिलं. मग एकदम छताकडं पाहिलं. सभ्य माणसं! आठल्येसाहेब लालेलाल. म्हणाले, 'ते... ते कॉम्प्रेसरचं आहे.' पाहुणे म्हणाले, 'हो हो, असतं असतं.' बोला! आता यावर माणसानं काय पुरावा द्यावा? दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा छत. तिसऱ्या वेळेला थोरल्या पाहुण्यांनी हळूच खिडकी उघडली म्हणे.

आला शिपाई. 'ज्योतीरामभाऊ, साहेब म्हणत्यात ते तासातनं एकदा करा.'

ज्योतीराम म्हणाला, 'साहेबांना सांग, दर दहा मिनिटांनी.'

शिपाई गेला, शिपाई आला. 'साहेब म्हणत्यात, मग जेवणाच्या सुट्टीत एकदम काढा.'

एकदम काढा! जणू काय ती दाढ आहे! ज्योतीराम तिथंच पेटला. म्हणाला, 'आरं, पानी काय साहेबांचं घड्याळ बघून येतंय व्हय? त्यांना म्हनावं, तुमी दिवसभराचा श्वास जेवणाच्या सुट्टीत एकदम घेऊन दाखवा!' आता हे शिपायानं जसंच्या तसं सांगितलं असेल का? सांगितलंच असेल! कारण दोन मिनिटांत तो पळत आला. 'आत्ताच्या आत्ता बोलावलंय.'

आणि इथं, तुम्हाला सांगतो, इथं ज्योतीरामची चूक झाली. ती तो आजही कबूल करतो, कपाळावर हात मारून करतो. मशीन चालू, आठ नंबरचा बाटला जोडलेला, निम्मा भरलेला. मशीन बंद करून जायला किती वेळ लागतो? अर्धं मिनिट! पण साहेबानं बोलावलं म्हटलं की आपल्याकडं डोक्याच्या आधी पाय निघतात. त्याला वाटलं, दोन शब्द ऐकायचे, 'व्हय साहेब' म्हणायचं, माघारी. कॉक आत्ताच तर सोडलाय. मोठ्ठी दहा मिनिटं हातात आहेत!

गेला केबिनमध्ये, पाहुणे तिथंच बसलेले. आणि आठल्येसाहेबांनी सुरुवात कुठून केली ठाऊक आहे? जपानपासून! 'हे बघा मुऱ्हे, जपानमध्ये कामगार...' जपानमध्ये कामगार असा वागतो, जपानमध्ये कामगार तसा वागतो. अहो, असेल वागत! पण तिथं साहेब कॉम्प्रेसरला चिकटून बसतो का, ते पण सांगा की! ज्योतीरामचे डोळे भिंतीवरच्या घड्याळावर, कान प्लायवूडपलीकडं मशीनवर. चार मिनिटं झाली. सहा झाली. नऊ झाली. तो म्हणाला, 'साहेब, पानी...'

साहेबांनी घंटी मारली. 'यांना पाणी द्या.'

आला शिपाई ग्लास घेऊन! आता काय करायचं? प्यायला बिचारा. म्हणाला, 'हे न्हाई साहेब, पानी काढायचं हाय, दर दहा मिनिटांनी...'

'हेच! हेच मी म्हणतोय! मी बोलतोय आणि तुम्ही मध्येच बोलताय. यालाच बेशिस्त म्हणतात!' आणि तेवढ्यात वाजला फोन. साहेबांनी बोट वर केलं, म्हणजे थांबा. आणि फोनवर, 'हां, बोला... नाही नाही, मोकळाच आहे!' मोकळाच आहे! इकडं हा माणूस उभा, एका पायावरून दुसऱ्या पायावर, पलीकडं मशीनचा आवाज जड व्हायला लागलेला. सात वर्षांचा कान तो! म्हशीच्या हंबरण्यावरून गवळ्याला कळतं तसं त्याला कळतंय की पोटात पाणी चढलं. बारा मिनिटं... सतरा... बावीस... सांगतो काय, त्याच्या डोळ्यांपुढं नवाब उतरताना दिसायला लागला. पण साहेबांचा फोन चालू असताना पाठ फिरवून जायचं? नोकरीत? नाही हो जमत! तुम्ही इथं बसून म्हणाल जायचं होतं. तुम्ही गेला असता?

सत्तावीस मिनिटं! सत्तावीस मिनिटांनी साहेब म्हणाले, 'समजलं ना? जा, आणि आवाज करू नका.' 'व्हय साहेब.' आणि जो पळत सुटला... कॉक उघडला तर पाण्याची अशी चिळकांडी आली की पँट गुडघ्यापर्यंत पांढरी. गाळणी उघडली तर कोळशाचा चिखल! आठ नंबरचा बाटला काट्यावर फुल्ल. पण आत काय भरलंय ते देवाला ठाऊक.

ज्योतीरामनं बाटल्यावर खडूनं फुली मारली. सुट्टा केला, शेडच्या मधोमध आणला, आणि त्याचं तोंड उघडलं. रिकामा करायचा, आतनं सुकवायचा, पुन्हा भरायचा, हाच कायदा. पण दीडशे किलोची हवा मोकळी सुटली की काय होतं? फुस्स नाही होत! किंचाळते! आगगाडी प्लायवूड फोडून केबिनमध्ये आली असं पाहुण्यांना वाटलं. धाकट्या पाहुण्यांच्या हातातला चहा मांडीवर.

आठल्येसाहेब स्वतः धावत आले, पहिल्यांदाच शेडमध्ये पाय ठेवला त्या दिवशी. 'काय चाललंय हे? बंद करा! बंद करा आधी!' केला बंद. 'भरलेला सिलिंडर रिकामा करता? कंपनीची हवा वाया घालवता? मुद्दाम! माझ्या पाहुण्यांसमोर, मुद्दाम!'

'साहेब, ह्यात पानी गेलंय. ह्यो टाकीत न्यायचा न्हाई.'

'कोणी ठरवलं?'

'मी.'

'तुम्ही ठरवणारे कोण?'

आता बघा, प्रत्येक बाटल्याच्या गळ्यात एक पुठ्ठ्याची चिठ्ठी असते. तिच्यावर भरणाऱ्यानं सही करायची, म्हणजे हवा चांगली आहे. ज्योतीराम म्हणाला, 'मी सही करनार न्हाई.' आठल्येसाहेबांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि फर्र करून चिठ्ठीवर सही केली. म. ग. आठल्ये, खाली दोन रेघा. पायानं खडूची फुली पुसली. पायानं! 'पुन्हा भरा, उद्या हाच जाईल,' म्हणाले, आणि वर मेमो: कंपनीच्या मालमत्तेची नासाडी आणि वरिष्ठांशी उद्धट वर्तन. मालमत्ता म्हणजे काय? हवा!

ज्योतीरामनं गाळणीचा कोळसा बदलला, बाकीचे पाच बाटले भरले, दर दहा मिनिटांनी कॉक उघडून, मुद्दाम सावकाश उघडून. आठ नंबरला तेवढा परत भरला, ओलाच, वाळवायची परवानगी नव्हती. भरताना शिव्या देत होता. कोणाला? साहेबाला दिल्या, मशीनला दिल्या, शेवटी स्वतःला दिल्या, की बाबा, तू अर्धं मिनिट थांबून मशीन का बंद केलं नाहीस?

आमचे युनियनचे सोपानराव मध्ये येऊन गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पान लावलं, आणि म्हणाले, 'ज्योतीराम, मुद्दा जबरदस्त आहे. आपण कॉक उघडण्याचा भत्ता मागू!' घ्या! याचं घर जळतंय आणि हे विडी पेटवायला आलेत!

संध्याकाळी सायकल स्टँडवर नवाब भेटला. ज्योतीरामनं त्याचं हँडल धरलं. 'नवाबभाई, उद्या आठ नंबर घेऊ नको. माज्याच्यानं घोटाळा झाला.' आणि सगळं सांगितलं. सांगून होईपर्यंत हँडल सोडलं नाही. नवाबनं ऐकलं, मिशीवरून हात फिरवला. 'चिठ्ठीवर सही कोणाची म्हणालास?' 'आठल्येसाहेबांची.' 'मग तोच घेतो मी,' नवाब म्हणाला आणि टांग टाकून निघून गेला. रात्रभर ज्योतीरामच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

गुरुवार. टाकीचं झाकण उघडलं. सगळे जमलेले. पाहुणे मुद्दाम थांबलेले, कंपनीची सुरक्षाव्यवस्था बघायला. आठल्येसाहेब पुढं, जणू टाकीचं बारसं आहे! नवाबनं दोर बांधला, सहा बाटले ओळीनं मांडले होते, त्यातला बरोब्बर आठ नंबर उचलला. ज्योतीराम पुढं सरकला तर नवाबनं त्याला डोळ्यानंच मागं सारलं. चिठ्ठी वाचली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मग म्हणाला, 'साहेब, आमच्यात एक पद्धत आहे. बाटल्यावर ज्याची सही, पहिला श्वास त्याचा. पाच मिनिटं तो मास्क लावून उभा राहतो, मग मी उतरतो. सात साल हो गए, हर बार ये ज्योतीराम लेता है. आज सही तुमची आहे.'

आठल्येसाहेब हसले. 'अहो, मी काय...'

'काही नाही साहेब, खाली उतरायचं नाही. इथंच उभं राहायचं. हवा तर चांगलीच आहे, लिहून दिलंय तुम्ही.'

साहेबांनी पाहुण्यांकडं पाहिलं. थोरले पाहुणे म्हणाले, 'पद्धत चांगली आहे. घ्या की, आठल्ये.' झालं! बाटला पाठीवर चढवला, मास्क लावला, नवाबनं स्वतः पट्टे आवळले, मायेनं आवळले. पहिला श्वास... साहेब ताठ. दुसरा श्वास... भुवया वर गेल्या. तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी. चौथा नाहीच! साहेबांनी मास्क ओरबाडून काढला आणि असे खोकायला लागले, असे खोकायला लागले की धाकट्या पाहुण्यांना त्यांची पाठ चोळावी लागली. 'जळकं तेल... गंज... शी शी शी...' नवाबनं काय केलं, तो बाटला उलटा धरला आणि तोंड जरासं उघडलं. फर्रकन पांढरं पाणी, तांबूस कण, सगळं थोरल्या पाहुण्यांच्या बुटांवर.

सगळे हसले. ज्योतीराम हसला नाही. त्या बुटांवरचे तांबूस कण बघत उभा राहिला, कारण हेच, हेच दोन पुरुष खाली याच्या दोस्ताच्या छातीत जाणार होतं. नवाब त्याच्याजवळ आला, हळू म्हणाला, 'अरे यार, मी काय येडा आहे का तो घेऊन उतरायला? चल, तुझा दे.' स्वतःच्या सहीचा दोन नंबर दिला. ज्योतीरामनं आधी मास्क लावून पाच मिनिटं श्वास घेतले, तेव्हा कुठं नवाब उतरला. अर्ध्या तासानं गाळ काढून वर आला, मास्क काढला, आणि पहिलं काय म्हणाला? 'चाय मिळेल का?' ज्योतीरामनं त्याला अशी मिठी मारली की दोघंही थिनरनं माखले.

आता तुम्हाला वाटेल, झालं, न्याय झाला, सुटलो! अहो, कंपनी आहे ही! शुक्रवारी बोर्डावर नोटीस लागली, टाईप केलेली: 'कॉम्प्रेसरमधील पाणी दर दहा मिनिटांनी काढणे सक्तीचे आहे. कसूर करणाऱ्यावर कारवाई होईल.' खाली सही, म. ग. आठल्ये, दोन रेघा. म्हणजे हा शोध कोणी लावला? साहेबांनी! केबिन हलली? नाही. जुना मेमो रद्द झाला? नाही! उलट ज्योतीरामला दुसरा मेमो आला. त्यात काय असावं? 'सदर बाब एवढी गंभीर असताना ती वेळीच वरिष्ठांच्या निदर्शनास का आणून दिली नाही, याचा लेखी खुलासा करावा.'

ज्योतीरामनं तो कागद तीनदा वाचला. पाना उचलला, ठेवला. मग पेन्सिल घेऊन बसला आणि एका ओळीत खुलासा लिहिला: 'सांगायला आलो होतो, तेव्हा तुम्ही मला पाणी पाजलंत आणि जपानचं सांगत होतात.' दिला पाठवून. संध्याकाळी कागद परत. वर लाल शाईत शेरा: 'पाहिले. भाषा नम्र असावी.'

काय करणार? त्याच ओळीच्या सुरुवातीला त्यानं 'सविनय' घातलं, आणि दिला परत पाठवून. रिटायर व्हायला अजून एकवीस वर्षं आहेत त्याला.